पुठ्ठ्याची मूठ

आमच्या थोरल्या साडूंइतका साध्या कामाचा खोळंबा करणारा माणूस पेणपासून रोह्यापर्यंत सापडायचा नाही. नव्वदच्या दशकात ते रोह्याच्या एका कंपनीत ड्रॉइंगं काढत आणि शेजारच्या अष्टमी गावात राहत. मुंबईच्या कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी एक यंत्र पाहिलं. पातळ रसायनावर किरण फिरतो, तेवढाच थर घट्ट होतो, त्यावर दुसरा, आणि साच्याशिवाय अख्खी वस्तू उभी राहते. झालं! पेणच्या माझ्या गणपतीच्या कारखान्यात येऊन, माझाच चहा पिऊन ते मला सुनवायचे, "साडूभाऊ, तुमचे साचे आता भंगारात!"

"दिवसाला किती गणपती काढतं तुमचं यंत्र?"

"एक पण नाय व्हायचा," ते अभिमानाने म्हणाले.

त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी अक्का. अर्धांगवायूनंतर तिच्या उजव्या हाताची बोटं वाकडीच राहिली. पंचारती धरवेना, आणि डाव्या हातात आरती घ्यायला ती तयार नव्हती. आदल्या गणपतीत ती आरतीला स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. साडूंनी सांगून टाकलं, "यंदा आरती तूच करशील गो." तिच्या बोटांत बसेल अशी पंचारतीची मूठ ते थराथराने करणार होते. यंत्र कुठून आणणार, म्हणून पुठ्ठ्याची!

मी म्हटलं, मातीचा गोळा तिच्या बोटांत दाबा, मी साचा घेतो, प्लॅस्टरची मूठ लगेच तयार. साडूंना माझी कीव आली. श्रावणभर घरात पुठ्ठ्याचा कचरा. खालून थर चढवत गेले, तर अंगठ्याच्या टेकूचा पहिला थर अधांतरी. खाली काहीच नाही, चिकटवणार कशाला? मग काड्यापेटीतल्या काड्यांचे खांब. थरांच्या कडा जिन्यासारख्या, अक्काच्या बोटांना टोचणाऱ्या. मग पॉलिश पेपर. एवढ्यात पावसाळी दमटपणाने थर सुटले आणि गृहस्थ पुन्हा पहिल्यापासून सुरू!

चतुर्थीला मी अक्काच्या बोटांचा ठसा घेऊन केलेली माझी गुळगुळीत प्लॅस्टरची मूठ घेऊन साडूंच्या घरी गेलो. अक्काने ती पंचारतीला लावून उचलली आणि तिचा हात मांडीवर पडला.

"भावोजी, सुरेख हाय, पण पेलवत नाय ओ."

मग साडूंनी आपली आणली. आतून पोकळ, मध्ये नुसत्या पातळ पट्ट्या. आत तशी जाळी ठेवणं माझ्या साच्याच्या बापाला जमलं नसतं. अक्काने उजव्या हाताने अख्खी आरती केली. माझा जळफळाट झाला, आणि डोळेही भरून आले.

दर पावसाळ्यात ते थर सुटत आणि साडू नवी मूठ करायला बसत. वेडेपणाच सगळा.

अक्का गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. साडूंच्या घरी आरती अजून तिच्याच मापाच्या मुठीने होते. ती दुसऱ्या कुणाच्या हातात बसत नाही, साडूंच्याही नाही. तिच्यासारखी बोटं वाकडी करून ते ती धरतात.