मोहाखालची आग

आज सकाळी पाला जळल्याचा वास आला आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

मोहफुलं वेचण्याआधी आमच्याकडे झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे मोकळ्या जमिनीवर फुलं चटकन दिसतात. आई बजावायची, "आधी भोवतालचं झाडून घे, मंग काडी लाव." बऱ्याच वर्षांपूर्वी एके दिवशी मी झाडायचा कंटाळा केला. वारा मुळीच नव्हता. पाला धुमसू लागला, तशी फांद्यांवरची पाखरं गप्प झाली. मग गवतातून एक बारीक पिवळी रेघ शेजारच्या सुकलालच्या गोठ्याकडे सरकली. मी पायानं विझवायचो, ती दुसरीकडून निघायची. गोठ्यात त्याची बैलजोडी बांधलेली होती.

लोक धावत आले तेव्हा बैलांचं हंबरणं थांबलं होतं.

"सुकलाल, तुह्याच बिडीनं लागली," कोणीतरी म्हणालं.

सुकलाल माझ्याकडे वळला. "का गा, तूनं पाह्यलं काय मले बिडी फेकताना?"

"हौ," मी म्हणालो.

बैल नसल्यानं शेती सोडून तो उकव्याला मँगनीजच्या खाणीत मजुरीला गेला आणि तिकडेच वारला. गावात अजूनही पोरांना बजावतात, "बिडी इझवजो बरं, नाहीतर सुकलाल होशीन." सगळे हसतात. मीही हसत आलो.

काडी माझी होती.