सिस्टरची सुतळी

वरच्या खोलीतल्या सिस्टरला खालचे काका कितपत ओळखत होते, असं कुणी विचारलं तर 'फारसं नाही' हेच खरं उत्तर द्यावं लागेल. तिचं गाव कोणतं, हे त्यांना माहीत नव्हतं. तिने एकदा सांगितलं होतं, पण नेमकी त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली आणि पुन्हा विचारणं त्यांना प्रशस्त वाटलं नाही. तिच्या पाठीवर भाऊ होता की बहीण, हेही शेवटपर्यंत पक्कं झालं नाही. उलट, माणसाचं मूत्रपिंड रक्त कसं गाळतं, हे मात्र तिच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांना पाठ झालं. त्याचा त्यांना आजवर काही उपयोग झालेला नाही. एवढ्याशा भांडवलावर कुणाबद्दल लिहायला बसू नये, हे कळतं. पण दुसरं कुणी लिहील अशी चिन्हं नाहीत.

सिस्टर तेव्हा खरं तर सिस्टर झालेलीच नव्हती. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. पण पांढरा ॲप्रन घातलेली मुलगी जिना उतरताना दिसली, की लोकांना तेवढं पुरतं. ती राहायला आली त्याच आठवड्यात शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंनी तिला आपला सुजलेला घोटा दाखवला. "मी अजून पास व्हायचेय हो," ती म्हणाली. "होशील गं. आधी घोटा बघ," बाई म्हणाल्या. तिने बघितला, पट्टी बांधली, आणि तेव्हापासून तिचं नाव सिस्टर पडलं ते पडलंच.

तिचे हात कधी रिकामे नसत. जिना उतरताना ती कठड्यावरून बोट फिरवत उतरे, त्यामुळे कठड्याचा तेवढा एक पट्टा कायम लखलखीत आणि बाकीचा धुळीने माखलेला. वॉर्डात तिच्या हाताचं सगळे कौतुक करत. सुई टोचलेली पेशंटला कळत नाही म्हणे. लेखी परीक्षेतही ती चांगल्या मार्कांनी सुटली होती. घोडं अडलं होतं ते तोंडी परीक्षेत. टेबलापलीकडे दोन परीक्षक, अलीकडे खुर्चीवर ती, आणि हात मांडीवर. हात मांडीवर ठेवले की तिची दातखीळ बसे. पहिल्या खेपेला तिने सगळा वेळ मिठाची गुळणी धरल्यासारखा काढला. परीक्षकांनी शेवटी तिचं नाव विचारलं, ते तिला सांगता आलं.

हे काकांना कळलं ते मटारामुळे.

काका पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. उभा जन्म खोकी आणि गाठोडी बांधण्यात गेला. घरात आलेली कुठलीही सुतळी ते कात्रीने कापत नसत. गाठ सोडवायची, सुतळी बोटांवर गुंडाळायची आणि खणात टाकायची. "एक दिवस तो खण उघडायलाच सुतळी बांधून ओढावा लागेल," काकू म्हणत. काका यावर बोलत नसत. ते एकूणच कमी बोलत. सिस्टरला 'तू' म्हणावं की 'तुम्ही', हे त्यांचं ठरत नव्हतं, म्हणून ते तिच्याशी "चहा होणार ना?" किंवा "आज लवकर येणं झालं" असलं, मधल्यामध्ये निभावून नेणारं काहीतरी बोलत.

एका रविवारी तिच्या खोलीतला नळ गळायला लागला. तो गळला की काकांच्या छताला ओल येई, म्हणून ती पाना मागायला खाली आली. काका पाना शोधायला आत गेले. काकू मटार सोलत बसल्या होत्या. सिस्टर समोर टेकली आणि कुणी न सांगता शेंगा सोलू लागली.

"परीक्षा कधी गं परत?" काकूंनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"अभ्यास झाला?"

"अभ्यास कधीच झालाय, काकू. बोलता येत नाही."

"बोलतेयस की."

"इथे बोलतेय."

"मग इथेच म्हण काहीतरी त्यातलं. बघू तरी."

सिस्टरने हृदय म्हणायला घेतलं. हृदयाला चार कप्पे असतात इथपासून सुरुवात करून तिने रक्त पहिल्या कप्प्यात आणलं, दुसऱ्यात ढकललं, फुप्फुसात पाठवलं, शुद्ध करून तिसऱ्यात आणलं. पाढे म्हणावेत तसं सगळं घडाघडा. काका पाना घेऊन दारातच उभे राहिले, कारण मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं. आणि तिसऱ्या कप्प्यात ती एकदम थांबली.

"अगं, चौथ्याचं काय?" काकू म्हणाल्या.

सिस्टरने ताटात पाहिलं. "मटार संपले, काकू."

काकूंना ती थट्टा वाटली. पण पोरीचा चेहरा पाहून त्यांनी लसणाचा गड्डा तिच्या हातात दिला. पहिली पाकळी सोलली गेली, रक्त चौथ्या कप्प्यात शिरलं आणि तिथून सगळ्या अंगभर गेलं.

काकूंच्या पोटात बातमी राहत नसे. दोन दिवसांत सगळ्या इमारतीला कळलं, की सिस्टरला अभ्यासासाठी हातकाम लागतं. इमारत मदतीला धावून आली. शिवणकामवाल्या बाईंनी गुंतलेला दोरा पाठवला. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी उसवायला तीन स्वेटर पाठवले आणि वर निरोप दिला, की घाई नाही, पण उधळ्यासारखी लोकर तोडू नकोस. कुणी बटणांचा डबा पाठवला, रंगांप्रमाणे वेगळी करायला. सिस्टर संध्याकाळी काकांच्या बाहेरच्या खोलीत बसून हे सगळं करी, आणि पुस्तकातले प्रश्न विचारण्याचं काम काकांच्या गळ्यात पडलं. हे काम आपल्याला झेपणारं नाही, असं त्यांचं पहिल्या दिवसापासून मत होतं.

"बरोबर आलं का, काका?" ती लोकर उसवत विचारी.

"पुस्तकात असंच काहीसं आहे."

"असंच म्हणजे?"

"म्हणजे... शब्द बरेचसे तेच आहेत."

"पुढचा विचारा मग."

"इथे एक चित्र आहे. ते कसं विचारायचं?"

अभ्यास असा झकास चालला होता. पण परीक्षा जवळ आली तशी काकूंनी मुद्द्याची गोष्ट काढली. "तिथे काय मटार घेऊन जाणार आहेस?"

काका उठले, खणाशी गेले आणि हातभर सुतळी घेऊन आले. तिला त्यांनी पाच-सहा गाठी मारल्या. "ॲप्रनच्या खिशात मावेल," ते म्हणाले. "टेबलाखाली दिसायचं नाही."

घरी रंगीत तालीम झाली. काकांनी प्रश्न विचारले, सिस्टरने मांडीवर सुतळी सोडवत उत्तरं दिली, आणि शेवटची गाठ सुटेपर्यंत अर्धं पुस्तक संपलं. काकू म्हणाल्या, "आता काय, झालीसच पास."

परीक्षेहून ती आली ती थेट काकांकडे. बोटांवर नीट गुंडाळलेली सुतळी तिने टेबलावर ठेवली.

"संपली, काका."

"परीक्षा?"

"सुतळी. पहिल्याच प्रश्नाला."

घाबरल्यावर तिचे हात दुप्पट वेगाने चालत, हे तालमीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. घरी घाबरायला होतं कोण? पहिलं उत्तर तिने चोख दिलं. दुसऱ्या प्रश्नाला हातात नुसती सरळ सुतळी राहिली होती.

"मग पुन्हा बांधायची होती ना एखादी," काकू म्हणाल्या.

"बांधली की. पण मीच बांधलेली. ती सोडवण्यात काही अर्थच नाही."

काकूंना हे पटलं नाही. काकांना पटलं.

आता एकच संधी उरली होती. तिसऱ्यांदा नापास होणाऱ्याचं नाव कमी करतात, असा नियम होता.

"नाव कमी केलं तर काय करशील गं?" काकूंनी विचारलं.

"घरी जाईन."

"आणि घरी?"

"घरी काय, काकू. घरी घरच." असं म्हणून तिने आजींचा तिसरा स्वेटर ओढला आणि उसवायला घेतला. तो आजींनी चुकून पाठवलेला, चालू वापरातला स्वेटर होता, हे नंतर कळलं.

काकांनी मनाला लावून घेतलं. आयुष्यभर त्यांना दोनच गाठी ठाऊक होत्या. सुरगाठ, जी ओढली की सुटते, आणि निरगाठ, जी सुटत नाही. गाठ सुटलेलं पार्सल ऑफिसात परत येई आणि साहेब सगळ्यांसमोर विचारत, "कोणाचं हे काम?" म्हणून ते जन्मभर निरगाठीच मारत आले. पण इथे सगळ्या निरगाठीच मारल्या, तर पोरीचं लक्ष गाठीत जाणार आणि मूत्रपिंड बाजूला राहणार. सुरगाठ मारली, तर पुन्हा तेच.

"मग मधली मारा," काकू म्हणाल्या.

"मधली गाठ नसते."

"नसते कशी? मी रोज पोळ्यांच्या डब्याला मारते ती कुठली?"

काका विचारात पडले. त्यानंतर ते दररोज दुपारी सुतळी घेऊन बसू लागले. सुतळी ओली करून गाठ मारली आणि वाळू दिली, की ती आणखी आवळते, हा ऑफिसातला अनुभव कामी आला. कोणती गाठ किती भिजवायची, हे ठरेना. एक गाठ काकूंनी दातांनी सोडवून पाहिली. ती सुटली नाही, दात मात्र हलला. काकूंनी त्यावरून दिवसभर ऐकवलं. शेवटी काकांनी सोप्याकडून अवघडाकडे अशी माळ तयार केली. पहिली चुटकीसरशी सुटणारी, म्हणजे तोंड उघडेल. मग जरा घट्ट, मग त्याहून घट्ट. आणि अगदी टोकाला एक अशी, की जी कुणाच्या बापाला सुटणार नाही.

"आणि ती कशाला?" काकूंनी विचारलं.

"संपायला नको."

"हे तिला सांगणार आहात का?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. सुटणारच नाही असं कळलं, तर ती सोडवणार कशाला?

परीक्षेच्या दिवशी सकाळी त्यांनी सुतळी तिच्या हातात दिली. शुभेच्छा वगैरे देणार होते, पण त्या 'तुला' द्यायच्या की 'तुम्हाला', यात वेळ गेला आणि ती जिन्याने खाली उतरली. कठड्याचा तो पट्टा त्या दिवशी दोनदा पुसला गेला, कारण अर्ध्या वाटेवरून ती ओळखपत्र न्यायला परत आली.

दुपारी ती आली तेव्हा काकू पालेभाजी निवडत होत्या. तिने जुडी पुढ्यात ओढली आणि पानं खुडायला घेतली. काका पेपर वाचत होते. तो कालचा होता.

"परीक्षेच्या बाईंनी बघितलं," ती शेवटी म्हणाली.

"काय?" काकू म्हणाल्या.

"सुतळी. म्हणाल्या, हातात काय आहे? मी म्हटलं, सुतळी. म्हणाल्या, कशाला? म्हटलं, गाठी सोडवतेय."

"अगं बाई! मग?"

"त्यांनी शेजारच्या सरांकडे बघितलं. मग म्हणाल्या, सोडवा. आणि मूत्रपिंड विचारलं."

काकांनी पेपर खाली ठेवला.

"मी सगळं सांगितलं. मग हृदय विचारलं, मग भाजलेल्या पेशंटचं विचारलं. सर काहीच विचारत नव्हते. ते नुसते टेबलावरून वाकून बघत होते. अगदी शेवटी म्हणाले, दुसऱ्या बाजूने ओढा. मी म्हटलं, नको सर, तिकडून आवळते. म्हणाले, हो का? बरं. या तुम्ही."

"आणि गाठ?" काकांनी विचारलं.

"शेवटची राहिली, काका. मी म्हटलं होतं त्यांना, एक मिनिट थांबते, होत आलीय. पण बाहेर पुढची मुलगी उभी होती."

निकाल लागला आणि सिस्टर खरोखरची सिस्टर झाली. इमारतीला आनंद झाला, पण त्याला एक बारीक किनार होती. आजींच्या कपाटात अजून दोन स्वेटर होते. शिवणकामवाल्या बाईंनी तर तोंडावरच विचारलं, "यापुढे आणखी एखादी वरची परीक्षा नसते का गं?" तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली. तिथे रात्रपाळी होती, अनोळखी माणसं होती, आणि तिला कुणीतरी सांगितलं होतं, की तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई राउंडच्या वेळी सगळ्यांसमोर प्रश्न विचारतात.

ती गेली त्या सकाळी टॅक्सी दाराशी उभी होती. सामान चढलं, काकूंनी डबा दिला, डब्याला त्यांची ती मधली गाठ मारलेली होती. सिस्टर आत बसली. काका खिडकीशी आले. तिचा एक हात ओढणीखाली होता आणि ओढणी सारखी हलत होती. खालून सुतळीचं टोक बाहेर आलं होतं.

ती गाठ सुटायची नाही, हे सांगायचं त्यांच्या मनात बरेच दिवस होतं. उगाच पोरीची नखं तुटायची. सांगायला म्हणूनच ते खिडकीपर्यंत आले होते. पण ओढणी हलत होती तोवर ती काकूंशी पत्ता, फोन, पोचल्यावर काय काय करणार, असं सगळं व्यवस्थित बोलत होती. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. काकांनी काच धरली.

"वरचा नळ?" ते म्हणाले.

"बंद केलाय, काका. दोनदा बघितला."

"आणि पाना?"

"काकूंकडे दिलाय."

"बरं," काका म्हणाले.