तिवरांतला चकवा

माझं माहेर साताऱ्याकडचं. लग्न होऊन नेरूळजवळच्या खाडीकाठच्या गावात आले, तेव्हा भरती-ओहोटी हे शब्द मला फक्त पुस्तकातून माहीत होते. सासूबाई मात्र साठी ओलांडल्यावरही चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला खाडीतल्या तिवरांच्या झाडीत जायच्या.

त्या दिवशी अमावस्या होती, म्हणजे भरती मोठी. "पानी भरायच्या आत येते," असं सांगून त्या सकाळीच गेल्या. अकरा वाजून गेले तरी पत्ता नाही. नवरा तळोज्याला ड्यूटीवर, फोन उचलत नव्हता. शेजारची काकू म्हणाली, "टेन्शन नको घेऊ. खाडी तिच्या ओळखीची हाय." मला ते पटेना. मी पाम बीच रस्ता ओलांडून खाडीच्या बांधावर गेले. तिथं सासूबाईंची टोपली होती, त्या नव्हत्या.

मी हाका मारत चिखलातल्या पायवाटेनं आत शिरले. थोड्या वेळानं वाट संपली. मागे वळले तर सगळीकडे तीच तिवरं, तोच चिखल. मोबाइलच्या नकाशावर मी एका हिरव्या डागात होते, वाट कुठेच नव्हती. पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला. मी उजवीकडे गेले, परत फिरले, आणि पुन्हा त्याच मोडक्या फांदीपाशी आले.

तिवरांच्या या कोपऱ्यात चकवा लागतो, असं सासूबाई सांगायच्या. लागला तर पाय हलवायचे नाहीत, एका जागी उभं राहून हाक मारायची. ऐकताना मी मान डोलवायचे, एवढंच. आता खोडाला मिठी मारून उभी राहिले आणि ओरडत सुटले.

"आहेस तिथंच थांब," मागून त्यांचा आवाज आला. त्या पलीकडे बांधातल्या उघाडीपाशी, पाणी सोडायच्या दारापाशी, पाय धुवायला गेल्या होत्या. "माझ्या आवाजाकडं ये. डावीकडं नको, तिथं खोल हाय." त्या बोलत राहिल्या, मी चालत राहिले. बांधावर चढले तेव्हा पाणी मांडीपर्यंत आलं होतं.

मला वाटलं, रागावतील. पण त्या खाली बसून माझ्या पायांवरचा चिखल पदरानं पुसू लागल्या.

"माझी धाकटी जाऊ अशीच आत गेली," त्या म्हणाल्या. "मला शोधायला. मी दुसऱ्या वाटेनं कवाच घरी पोचले होते."

"मग?"

"दुसऱ्या दिशी ओहोटीला सापडली. तवापासून लोक त्या कोपऱ्याला चकव्याचा म्हनतात. चकवा कसला... ती माझं नाव घेत फिरत होती."

मी त्यांचा हात धरला. घरी येईपर्यंत सोडला नाही.

अजूनही त्या जातात. मला कितीही सांगितलं तरी काळजी जात नाही. फक्त आता त्या कुठल्या वाटेनं परत येणार ते सांगून निघतात, आणि मी बांधाच्या अलीकडे उभी राहते.