बोर्डासाठी केलेली रोवणी

पहिल्या खेपेला मी इस्त्रीची साडी नेसून, वेणी घालून गेले. शहरातल्या सरकारी रुग्णालयात अपंगत्वाचं प्रमाणपत्र देणारा बोर्ड दर बुधवारी बसायचा. टेबलामागच्या तरुण डॉक्टरने मला हात वर करायला लावले, उकिडवं बसवलं, दारापर्यंत चालवलं.

"चालतच आलात ना?"

"एसटीनं आले. स्टँडवरून चालत."

"मग अपंगत्व कुठं आहे, बाई?"

मी फाइल पुढे केली. त्यात नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांचं पत्र होतं. मी अंगणवाडी सेविका होते. मार्कंड्याच्या जत्रेला पायी जाऊन त्याच दिवशी परत यायची, अशी तब्येत. मग एका पावसाळ्यात ताप आला. आठवड्याने ताप गेला, ताकद मात्र परत आलीच नाही. रात्रभर झोपून उठले तरी अंग पिळून काढल्यासारखं. त्यातही वाईट हे, की काम केलं त्या दिवशी काही वाटायचं नाही. पोरांची वजनं घेतली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी कोसळायची. मग हातात ताट धरवत नसे. शेवटी नोकरी सोडली. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आळस मुरला तिच्या अंगात." नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं तेव्हा मी त्यांच्यासमोरच रडले. हा थकव्याचा आजार आहे, झेपेल त्याच्या पुढे एक पाऊलही टाकायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

बोर्डाच्या डॉक्टरने पत्राचं दुसरं पान उलटलंसुद्धा नाही. "कायद्यात अपंगत्वाच्या एकवीस प्रकारांची यादी आहे. त्यात हे बसत नाही. आणि थकवा काय, मलाही येतो." तो हसला. त्याचं पाहून कारकूनही हसला. मी फाइल उचलली आणि गुपचूप बाहेर आले. त्या गुपचूप येण्याचा राग अजून गेलेला नाही.

त्यानंतर चार दिवस मी खाटेवर होते. नवरा पेज भरवायचा. पडल्या पडल्या एकच विचार घुमत होता. यांनी मला बुधवारी पाहिलं. शुक्रवारी कोण पाहतं?

पुढच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत बोर्डाची तारीख पुन्हा मिळाली. त्याआधीच्या सोमवारी मी साडी खोचून आमच्या शेतात, पाणी भरलेल्या बांधीत उतरले. नवरा धावत आला.

"पागल झाली का तू? डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

"त्यायले पाहाचं हाये ना? पाहू दे."

दुपारपर्यंत वाकून धान रोवलं. खोटं कशाला सांगू, मला छान वाटत होतं. हात काही विसरले नव्हते. गुडघाभर चिखलात, बायांच्या रांगेत, कितीतरी दिवसांनी मी माणसांत होते. मंगळवारी संध्याकाळी घसा जळू लागला, उजेड सोसेना. बुधवारी नवऱ्याने मला उचलून काळीपिवळी जीपमध्ये झोपवलं. डोकं धरायला कोणी हवं म्हणून सासूबाई आल्या. खनिजाच्या ट्रकांनी उखडलेला तो रस्ता; प्रत्येक खड्डा दातांत जाणवत होता.

डॉक्टर तोच होता. बाकावर आडव्या पडलेल्या माझ्याकडे बघून म्हणाला, "यांना आधी भरती करा. अशा अवस्थेत तपासणी होत नाही. बऱ्या झाल्या की आणा."

म्हणजे चालत गेले तर अपंग नाही, आणि पडून गेले तर तपासणी नाही. मला ओरडायचं होतं. जीभ उचलत नव्हती.

तेवढ्यात सासूबाई उठल्या.

"थांब बाबू. चार वर्सं मी हिले कामचोर म्हनत आली. गावभर सांगतलं. मी अडानी बाई, मले नाई समजलं. तू तं शिकलेला हायेस ना? तुले काऊन नाई समजून राह्यलं?"



"आजी, नियम आहे. मी काय करू?"

"मंग तसं लिहून दे. सही कर. त्याबिगर आमी हालत नाई."

त्या खरंच दारात फतकल मारून बसल्या. मागची रांग कुरकुरली, कारकून दोनदा ओरडला, त्या हलल्या नाहीत. अखेर डॉक्टरने कागद ओढला आणि एक ओळ लिहिली: सदर आजार यादीत समाविष्ट नाही.

त्या कागदावर नवऱ्याने अपील केलं. काही महिन्यांनी उत्तर आलं. तीच ओळ, या वेळी टाइप केलेली. ना निराधार योजनेचं मानधन, ना एसटीची सवलत. आणि त्या अर्ध्या दिवसाच्या रोवणीने मला पार खाली नेलं. पुढचा उन्हाळा लागेपर्यंत भिंत धरल्याशिवाय न्हाणीपर्यंत जाता येत नव्हतं. विश्वास बसावा म्हणून मी माझं उरलंसुरलं अंग मोडून त्यांच्या बाकावर नेऊन ठेवलं, आणि त्यांनी मला बरी होऊन यायला सांगितलं.

आता भांडी सासूबाई घासतात. शेजारीण म्हणते, "सून निजूनच हाये का वं?" त्या मान वर न करता सांगतात, "बिमार हाये ते."

पुन्हा अर्ज करा, असं तहसीलमधला बाबू सांगतो. करणार आहे. पण त्यांना दाखवायला म्हणून मी आता बांधीत उतरणार नाही. बघायचंच असेल तर त्यांनी माझ्या घरी यावं, आणि शुक्रवारपर्यंत बसावं.