न दिलेलं पाणी

आमच्या गावात माझी एक गोष्ट सांगतात. नाथांना न्यायचं कावडीतलं पाणी मी वाटेत मरायला टेकलेल्या माणसाला पाजलं, अशी. सप्ताहात एका कीर्तनकारबुवांनी ती सांगितली, तेव्हा बायाबापड्या माझ्या पाया पडल्या. आज पहिल्यांदाच लिहितो आहे : ते पाणी मी पाजलं नव्हतं. हे मी घरच्या माणसांजवळही कधी बोललो नाही.

बहात्तरच्या दुष्काळातला फाल्गुन होता. माझी लहानगी मुलगी तापाने अंथरुणाला खिळलेली. औषधं चालू होती, ताप हटत नव्हता. पैठणहून गंगेचं पाणी पायी आणून मढीच्या नाथांना स्नान घालीन, असा नवस मी बोललो. कावडीचे नेम कडक. पायात काही घालायचं नाही, कावड भुईला टेकवायची नाही, त्या पाण्याला तोंड लावायचं नाही. खांदा बदलायला जोडीदार हवा, म्हणून थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, आले. भारी थट्टेखोर माणूस. पैठणला नदीच्या वाळवंटात संध्याकाळी कीर्तन ऐकलं. रामेश्वराला न्यायची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजणाऱ्या संताची कथा चालली होती. मी ढसाढसा रडलो. दाजी कानाशी लागून म्हणाले, "मेव्हणं, वाटंत मला तहान लागली, तर खुशाल गाढव म्हना. पन पाजा!"

शेवगाव मागे पडलं आणि सावली संपली. रानात हिरवं पान नव्हतं. फुफाट्यात पाय भाजत होते, वारा सुटला की भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटे. आमच्या पिण्याच्या भोपळ्यातलं पाणी सकाळीच संपलं होतं, भिस्त होती ती वाटेतल्या एका विहिरीवर. वाकून पाहिलं तर तळाला भेगाळलेला गाळ. तिथून दाजींची थट्टा थांबली. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. त्यांचा घाम सुकला, पावलं वेडीवाकडी पडू लागली, आणि एका वठलेल्या बाभळीखाली ते कोसळले. "पानी," एवढंच म्हणाले.

माझ्या खांद्यावर दोन्ही कळशा भरलेल्या होत्या. डोळ्यांपुढे पोरीचा तोंडवळा आला. नेम मोडला तर? "जरा दम धरा दाजी, पुढं वस्ती लागंल," मी म्हणालो. वस्ती कुठे आहे, आहे की नाही, मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदा त्यांचे नुसते ओठ हलले. माझी सावली त्यांच्या तोंडावर पडेल असा मी सरकून उभा राहिलो, कावड खांद्यावर तशीच. तेवढ्याने आपण त्यांची सेवा करतो आहोत, असं मी मनाला समजावत होतो. नाथांचा धावा चालूच होता.

रस्त्याच्या दुष्काळी कामावरून परतणारी एक बाई, डोक्यावर रिकामी पाटी, आमच्याजवळ थबकली.

"कळश्या भरल्यात, अन् मानूस मरतंय. बघतुयास काय?"

"नाथांचं पाणी आहे, बाई. पोरीचा नवस."

"ह्यो कोन तुजा?"

"बहिणीचा नवरा."

ती पाटी टाकून पुढे आली. "लेकीसाठी भैनीचं कुकू पुसतोस व्हय रं?"

मी मागे सरलो नाही, पण कळशीही सोडली नाही. तिनेच हिसडा मारून पुढची कळशी काढली. भार सुटताच कावड कलली, मागची कळशी दगडावर आपटली आणि पाणी भुईच्या भेगांत नाहीसं झालं. जे मी राखत होतो, ते मातीत गेलं.

तिने दाजींच्या डोक्यावर पाणी थापलं, ओठांवर शिंपडलं, मग कळशी माझ्या हातात दिली. "धर. डोकं भिजतं ठेव. सुद आली की घोट घोट दे." आणि ती जवळच्या वस्तीवरून गाडी आणायला पळाली. दाजींनी डोळे उघडले तेव्हा त्यांना मी दिसलो, माझ्या हातातली कळशी दिसली. क्षीण हसले. "पाजलंतच म्हना... गाढवाला." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तोंड उघडलं होतं. तसंच मिटलं.

बैलगाडी आली. दाजींना गाडीत घालण्याच्या गडबडीत ती बाई कधी निघून गेली, कळलं नाही. नावही विचारायचं राहिलं. दाजींना त्या वस्तीवर पोचवून मी रिकामी कावड घेऊन मढीला गेलो, पायरीवर डोकं ठेवलं, काही मागता आलं नाही. घरी आलो तर मुलगी उठून बसली होती. औषधाने की कशाने, मी कधी शोधत बसलो नाही. आज ती स्वतःच्या संसारात आहे.

देवाला सगळं अर्पण करावं, असं मी लोकांना सांगत आलो. त्या दुपारी मी काहीच अर्पण केलं नाही. माझ्या हातून ते ओढून घ्यावं लागलं, आणि तरीही पदरात भरभरून पडलं. कृपा मला एवढीच कळली आहे. माझ्या मुठी तेव्हाही आवळलेल्या होत्या, आणि त्या उघडायला तो कुणाला तरी पाठवतो.

दाजी घरचे जावई, वयानेही थोरले. पाया पडायचं ते मी त्यांच्या. पण दर भेटीला तेच माझ्या पायाशी वाकतात आणि मी वाकू देतो. ते अजून आहेत. त्यांना हे सांगणं माझ्याकडे बाकी आहे.