डोंगरावरचे तांबडे चौकोन

तुमची आजी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, एवढं तुम्हाला बाबाने सांगितलं असेल. पण वर्षातून एकदा मी डोंगरावर काय करायला जात होते, ते त्यालाही नीट ठाऊक नाही. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. तो तेव्हा मुंबईला आपल्या आत्याकडे राहून शाळेत जात होता. आजोबा बोटीवर नोकरीला होते. गणपतीला बाबा मालवणला यायचा आणि विसर्जन झालं की परत जायचा. त्याची गाडी सुटली की घर इतकं शांत व्हायचं की मला माझ्याच चपलांचा आवाज नकोसा वाटायचा. डोंगरावरची फुलं नेमकी त्याच दिवसांत असायची, हे माझं नशीब.

मी सकाळची एसटी धरायचे, कट्टा गावी उतरून चहा घ्यायचे आणि गाड्या बदलत घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत पोचायचे. तिथे एका काकींच्या घरी माझा मुक्काम असे.

काम काय होतं ते सांगते. आमच्या प्राध्यापकांनी आणि मी त्या डोंगरावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत जमिनीचे काही लहान चौकोन आखले होते. कोपऱ्यांवर तिथलेच दगड ठेवून ते रेड ऑक्साइडने रंगवले, म्हणजे उंच गवतातही सापडावेत. दरवर्षी त्याच दिवसांत जायचं आणि चौकोनात कोणती झाडं आहेत ते बघायचं. हवा अशीच तापत गेली तर खालची झाडं हळूहळू वर चढतील, असं सरांना वाटत होतं. "हे कळायला आपलं आयुष्य पुरणार नाही," ते म्हणत, "पण कोणीतरी सुरुवात करायला हवी, आणि मध्ये खंड पडता कामा नये."

सर वाकून झाडाचं शास्त्रीय नाव मोठ्याने पुकारत. मी ते तसंच परत म्हणून मग लिहीत असे. चूक राहू नये म्हणून ही पद्धत. पुढे सर निवृत्त होऊन लेकीकडे नागपूरला गेले. मी एकटी उरले, पण पद्धत सोडली नाही. पुकारायचंही मीच आणि परत म्हणायचंही मीच. त्या वाऱ्यात माणसाचा आवाज ऐकू यायचा, तो माझाच.

एका वर्षी वाडीत पोचले तर काकी खळ्यात, म्हणजे अंगणात, उभ्याच होत्या.

"इलास बाईनूं? बरा झाला. यंदा तुमच्या देवाची जागा आमी साफ करून ठेवली."

"खंयच्या देवाची, काकी?"

"वर माथ्यार तांबडे दगड मांडलास, तेची! दरसाल येतास, गुडघ्यार बसतास, मोठ्यान बोलतास नि मगे स्वताच जाब देतास. घोव बोटीर, पोर म्हमयत. बाईनी कसलो तरी नवस केल्यानी, आमका कळला. पण गाराणा असा एकट्यान घालतत? व्हय म्हणूक चार माणसां नको?"

गाऱ्हाणं तुम्ही ऐकलं नसेल. आमच्याकडे देवाला काही सांगायचं तर एक जण मोठ्याने बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. काकी आणि त्यांची शेजारची माणसं माझ्यासाठी डोंगर चढून गेली होती. आजोबांची बोट सुखरूप येऊ दे म्हणून त्यांनी गाऱ्हाणं घातलं होतं.

मी पाणीसुद्धा न पिता वर गेले. माथ्यावरचा चौकोन अंगणासारखा लख्ख होता. आत काडी शिल्लक नव्हती. मधोमध फोडलेल्या नारळाची भकलं, विझलेली उदबत्ती, दगडांना ताजं कुंकू. आमच्या सगळ्या चौकोनांत तोच महत्त्वाचा होता, कारण कंदीलफूल तेवढ्यातच होतं. ते लहानसं झाड त्या डोंगरावर मला दुसरीकडे कुठेही दिसलेलं नव्हतं. मी तिथेच खाली बसले. रागवायचं कोणावर? बोटीवरून कित्येक दिवसांत पत्र आलं नव्हतं, आणि मी त्याबद्दल कोणाकडे चकार शब्द काढला नव्हता. नारळाचं एक भकल उचललं, खोबऱ्याचा तुकडा काढला आणि प्रसाद म्हणून तोंडात टाकला.

खाली येऊन काकींना सगळं समजावून सांगितलं. देव नाही, मी कुठली झाडं आहेत ती बघते, मोजते.

"गवात मोजूक येतास? ता आमची गुरां रोज मोजतत," काकी म्हणाल्या, "नि खावन पण टाकतत!" आत त्यांची सून खुदकन हसली. मलाही हसू आलं. मग हवा तापण्याचं सांगितलं. काकी तांदूळ निवडता निवडता थांबल्या.

"खालची वर गेली, तर मगे वरची खंय जातली?"

"खंयच नाय, काकी. वर आभाळ."

"नि ती आमी उपटून टाकली."

"कंद मातयेत आसतलो. येयत कदाचित."

काकी परत तांदूळ निवडायला लागल्या. रात्री जेवताना मात्र एकदम म्हणाल्या, "आता थंय कोणाक पाय ठेवूक देवचंय नाय."

आजोबा त्या दिवाळीला घरी आले आणि सुट्टी संपल्यावर परत गेले. मी वर्षभर त्या उघड्या चौकोनाचा विचार करत राहिले.

पुढच्या खेपेला काकींचे गुडघे धरले होते, त्यामुळे मी एकटीच चढले. चौकोनात पाऊलखूण नव्हती. खालच्या उतारावरचं एक गवत मात्र मोकळी जागा बघून आत घुसलं होतं. ते हवा तापल्याने चढलं की जागा साफ झाली म्हणून आलं, हे त्या चौकोनापुरतं आता कधीच सांगता येणार नव्हतं. तसंच लिहून ठेवलं. गवत हळूच बाजूला केलं तर बुडाशी कंदीलफुलाची दोन पानं होती. फूल नव्हतं.

मी नाव पुकारलं. परत म्हणायच्या ऐवजी तोंडातून निघालं, "व्हय म्हाराजा." वाऱ्याने ते लगेच नेलं.

उतरले तेव्हा काकी उंबऱ्यात बसून होत्या. पाणी द्यायच्या आधीच त्यांनी विचारलं, "तुमचा झाड आसा मा?"

"आसा," मी म्हटलं.