टायर किती वर्षांचे घ्यायचे?

निघायच्या दिवशी मी चिंचवडच्या घरात काचेचा डिनर सेट खोक्यात भरत होते, तेव्हा आईने माझा हात धरला. म्हणाली, "चांगल्या वस्तू नेऊ नकोस. दोन वर्षांत परत यायचंय, येताना फुटतील." मलाही पटलं. सेट परत कपाटात गेला आणि आम्ही तिघं, मी, सुधीर आणि चार वर्षांची मुग्धा, स्टीलची ताटं घेऊन शारजाला उतरलो. मी शिकवत होते त्या शाळेत बिनपगारी रजा टाकली होती. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, तुमची जागा ठेवते, पण अंत पाहू नका.

पाहिला. दोन वर्षांची तीन झाली, तिनाची पाच. तुम्ही पुण्यात बसून आम्हाला 'दुबईवाले' म्हणत होतात, आणि इथे आमचं काय चाललं होतं ते ऐका. प्लास्टिकच्या खुर्च्या, जमिनीवर गाद्या, खिडकीला जुनी चादर. का, तर पुढच्या वर्षी जायचंच आहे. सेलमध्ये मिक्सर घेतला, तो पुण्याच्या घरासाठी म्हणून खोक्यासकट कपाटावर, आणि खाली मी खलबत्त्यात चटणी कुटतेय! हसू नका. आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या मराठी घरांच्या कपाटांवर अशीच खोकी होती. तुमच्यातले जे इथे राहून गेलेत ते गालातल्या गालात हसत असतील, कारण त्यांच्याही होती.

गाडीचंही तेच. सुधीरचं काम फुजैराच्या बाजूला, डोंगरातल्या साइटवर, म्हणून त्याने एक जुनी फोर-बाय-फोर घेतली होती. इथे दरवर्षी गाडीचं पासिंग असतं, टायर झिजलेले असले तर गाडी नापास. मग आम्ही शेजारच्या अजमानला जाऊन कुणीतरी काढून टाकलेले वापरलेले टायर बसवून घ्यायचो. एक उन्हाळा निघाला की झालं, सुधीर म्हणायचा. मी मान डोलवायचे. आपण जाताना नवे टायर काय विमानात घालून नेणार?

मग एका ऑगस्टमध्ये दुबईतल्या 'बर दुबई' भागातल्या देवळातून परत येताना भर रस्त्यात मागचा टायर फुटला. गाडी फरफटत कडेच्या वाळूत गेली आणि थांबली. मागून ट्रक येत नव्हता, ही देवाची कृपा. मुग्धाचं डोकं दारावर आपटलं, भुवईला टाके पडले. सुधीर स्टिअरिंग धरून नुसता बसून राहिला होता. त्याला काही बोलावं असं माझ्या मनात आलं, पण कोणत्या तोंडाने बोलणार? टायर निवडायला मीही बरोबर गेले होते.

पुढच्या मे महिन्यात पासिंगला टायरवरूनच गाडी पुन्हा नापास झाली. त्याच आठवड्यात मोठ्या बाईंचा फोन आला. संस्थेला जागा कायमची भरायची होती. जूनला हजर व्हा, नाहीतर जागा मोकळी करा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. सुधीरला विचारलं तर तो म्हणाला, बघू, तू म्हणशील तसं. ह्या माणसाचं 'बघू' आणि इथल्या लोकांचं 'इन्शाल्ला' एकाच माळेचे मणी.

या वेळी शारजातच इंडस्ट्रियल एरियातल्या टायरच्या दुकानात गेलो. विकणारा केरळचा, बोलका. एक टायर पुढे करून म्हणाला, ऑल सीझन आहे, गर्मी, बारिश, बर्फ, सब चलेगा. सुधीरमधला इंजिनिअर जागा झाला. बर्फासाठीचं रबर मऊ असतं, इथल्या डांबरावर लोण्यासारखं जाईल, असं त्याने मला समजावलं. मुग्धा म्हणाली, "बाबा, बट देअर इज नो स्नो हिअर." शेवटी वाळूत, खडीवर आणि हायवेवर बारा महिने टिकेल असा एक सापडला. नवा कोरा, उन्हाला चिवट. आता विकणाऱ्याने सहज विचारलं, गाडी किती वर्षं ठेवणार?

सुधीर सवयीने म्हणाला, "एक साल. बस, ये गर्मी निकल जाए."

मग कशाला हे घेता, असं म्हणून तो मागच्या बाजूचे वापरलेले टायर आणायला वळला. मी मुग्धाकडे पाहिलं. ती एका टायरवरचे आकडे वाचत उभी होती, भुवईवरचा व्रण स्पष्ट दिसत होता. माझ्या डोळ्यांसमोर माझा पाचवीचा वर्ग आला, मधल्या सुट्टीतला चहा आला, बारा वर्षांची माझी नोकरी आली.

"नहीं," मी म्हणाले. "पाँच साल. नए लगाइए."

सुधीरने विचारलं, "आणि शाळा?"

"उद्या कळवते."

मुग्धाने मान वर केली. "सो वी आर नॉट गोइंग?"

"नाही."

ती म्हणाली, "देन आय कॅन टेल आयेशा टु सेव्ह मी अ सीट नेक्स्ट इयर."

पाच वर्षं ही पोर प्रत्येक मैत्रिणीला आपण जाणार म्हणून सांगत आली होती, आणि मला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना फोन केला, माझी जागा भरून टाका म्हटलं. त्या "सुखी राहा" म्हणाल्या. फोन ठेवून मी पोटभर रडले. जूनमध्ये तुमच्याकडे शाळा सुरू होतात, त्या आठवड्यात मी अजूनही मनातल्या मनात पाचवीची हजेरी घेते. सुधीरने अडकवून ठेवलं बिचारीला, असं तुमच्यात बोललं जातं, ते माझ्या कानावर येतं. त्याला काही म्हणू नका. त्या दुकानात 'पाँच साल' मीच म्हणाले.

हा देश आम्हाला कायमचं ठेवून घेणार नाही, हे माहीत आहे. व्हिसा तीन-तीन वर्षांचा. एक दिवस खलास म्हणतील आणि निघावं लागेल. पण पुण्याला आले की तुम्ही विचारता ना, घरी कधी येणार? मला आता तारीख सांगता येत नाही. पुढच्या वर्षी असशील ना, असं कुणी माझ्या लेकीला विचारलं की ती हो म्हणते. ती जिथे हो म्हणते, तिथे सध्या आमचं घर आहे.